मदत हवी आहे: सुट्टीतली हस्तकला आणि कात्रीवरून रोजची रडारड

निळीशाई
सुट्टी लागून आठ दिवस झाले. शाळा संपताना माझ्या मुलाच्या बाई म्हणाल्या, याच्या बोटांत जोर कमी आहे, सुट्टीत कातरकाम-चिकटकाम भरपूर करून घ्या. मी हौसेनं घोटीव कागद, डिंक, मुलांची कात्री सगळं आणलं. हा कात्री घेतो, दोन मिनिटं झटापट करतो आणि सगळं ढकलून उठतो. काल तर रडलाच. फाईन मोटरसाठी, म्हणजे बोटांच्या बारीक हालचालींसाठी, दुसरं काय करून घेऊ? कृपया लवकर सांगा. व्हिडिओ बघून झालेत, लिंका नकोत.

दोनओळी
वय?

आईचीधावपळ
क्ले द्या, क्ले! माझ्या लेकीचं सगळं क्लेवरच झालं. आधी मोठा गोळा दोन्ही हातांनी मळायचा, मग लांब वळ्या, मग त्या वळ्यांचे चिमटीनं बारीक तुकडे. बोटं आपोआप तयार होतात.

बोरूबहाद्दर
मोबाईल काढून घ्या आधी. हल्लीची मुलं बोटानं फक्त सरकवतात, मग जोर येणार कुठून?

निळीशाई
मोबाईल त्याला देतच नाही, तो विषय नको. वय साडेचार. क्ले आवडतो त्याला, तास तास बसतो. पण बाईंनी कातरकाम सांगितलंय.

जुनीजाणती
मी बालवर्गाला बरीच वर्षं शिकवलं. कात्री ही शेवटची पायरी, ताई. आधी फाडू द्या. कागद दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत अगदी जवळ-जवळ धरायचा, एक हात पुढे, एक मागे, आणि हळूहळू पट्टी फाडत न्यायची. यात कात्रीची सगळी तयारी होते, दोन हातांनी दोन वेगळी कामं करणं हीसुद्धा. मग ते तुकडे चुरगाळून गोळ्या करायच्या आणि काढलेल्या चित्रात चिकटवायच्या. कपड्यांचे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावणं-काढणं हेही उत्तम. रंगवायला लांब खडू नकोत, छोटे तुकडे द्या. तुकडा मुठीत धरून रंगवता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

यात नवीन काही नाही. किंडरगार्टन सुरू करणाऱ्या फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं 1837 साली लहान मुलांसाठी संस्था काढली, तेव्हापासून कागदाच्या घड्या आणि पट्ट्यांचं विणकाम बालवर्गात आहे.

बोरूबहाद्दर
घड्या घालून अक्षर सुधारत नाही. साडेचार म्हणजे पेन्सिल धरून गिरवायचं वय.

जुनीजाणती
मनगटात आठ हाडं असतात आणि जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चाच असतात. एकेक करत पुढं कित्येक वर्षं पक्की होतात. एवढ्याशा हाताला पानंच्या पानं गिरवायला लावू नका.

दोनओळी
ताई, बाकी सगळं पटलं, पण त्यातलं शेवटचं हाड वयाच्या नऊ ते बाराच्या सुमाराला एक्स-रेत दिसायला लागतं. तोवर कोणी लिहायचं थांबत नाही. हाडांचं कारण देऊ नका, कंटाळा येतो हे कारण पुरेसं आहे.

जुनीजाणती
थांबा असं मी म्हटलेलं नाही. पानंच्या पानं नको म्हटलंय.

कातरवेळ
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार आणि सराव देणं हे माझं काम. निळीशाई, थोडं सांगाल का: कात्री कोणत्या हातात असते, अंगठा वर असतो का, खुर्चीवर पाय टेकतात का, आणि कागदाचं नेमकं होतं काय? फाटतो, वेडावाकडा कापला जातो, की कापलाच जात नाही?

निळीशाई
इतकं कशाला लागतं? मी फक्त दुसरा उद्योग विचारतेय. जमिनीवर बसतो. अंगठा वर असतो. कागद कापला जात नाही, पात्यांच्या मध्ये दुमडून बसतो. कात्री डाव्या हातात, अर्थातच, डावखुरा आहे तो.

कातरवेळ
हे आधी सांगायला हवं होतं! साधी कात्री उजव्या हातासाठी असते. उजवा हात मिटताना अंगठा आणि बोटं जो दाब देतात, त्यानं पाती एकमेकांवर घट्ट बसतात. डाव्या हातात त्याच दाबानं पाती फाकतात आणि कागद फटीत दुमडतो. शिवाय वरचं पातं रेघ झाकतं, म्हणजे कुठं कापतोय हेही दिसत नाही. जो मुलगा तासभर क्ले मळतो, त्याच्या बोटांबद्दल मी इथून इतक्यात काही म्हणणार नाही.

डावखुऱ्यांची कात्री घ्या. घेताना पाती बघा, नुसती मूठ नको. दोन्ही हातांची म्हणून मिळते तिची बहुतेक वेळा मूठच सारखी असते, पाती उजवीच. आणि घोटीव कागद पातळ असतो, आधी कार्डशीट द्या. दोन सेंटीमीटर रुंदीची पट्टी, म्हणजे एका कचक्यात तुकडा पडतो. रेघेवर नंतर. गोल कापायला लागला की डावखुऱ्यानं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जायचं.

बोरूबहाद्दर
त्यापेक्षा आत्ताच उजव्या हाताची सवय लावा. जग उजव्यांचं आहे.

जुनीजाणती
अजिबात नको! माझ्या वर्गात अशी हात बदलायला लावलेली पोरं आली आहेत. विचारल्यावरही हात पुढं करायची नाहीत.

कातरवेळ
+१. हात बदलू नका.

निळीशाई
आत्ता तो झोपल्यावर मी स्वतः ती कात्री डाव्या हातात घेऊन कापून बघितलं. कागद दुमडला. पुन्हा केलं, पुन्हा दुमडला. आठ दिवस मी त्याला "नीट धर, नीट धर" म्हणतेय, आणि तो नीटच धरत होता. फार वाईट वाटतंय. उद्या कात्री शोधते. तोवर फाडकाम. कातरवेळ, मनापासून आभार, आणि मघाशी चिडून लिहिलं त्याबद्दल माफ करा.

घरटं
इथेच विचारते, माझी दोन वर्षांची आहे. सुट्टीत तिला मणी ओवायला दिले तर चालतील ना?

कातरवेळ
बारीक मणी तीन वर्षांपर्यंत नकोच, घशात अडकतात. खेळण्याचा सुटा भाग केवढा असला तर धोक्याचा, हे तपासायला 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावतं ते या वयाच्या हाती द्यायचं नाही. पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळ्यांच्या रुंद चकत्या कापा आणि बुटाच्या लेसमध्ये ओवू द्या. लेस आखूड ठेवा आणि समोर बसून राहा.

घरटं
आणि ती कधी उजव्या हातानं घेते, कधी डाव्या?

कातरवेळ
दोन वर्षांची असताना ते चालायचंच. वस्तू तिच्या बरोबर समोर मध्यभागी ठेवा, कोणत्या हातानं घ्यायची ते तिला ठरवू दे.