मदत हवी आहे: कोविडच्या औषधजोड्यांची तुलना करायची कशी?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात कोपरीला राहते, एम.फार्म करतेय. सेमिनारचा विषय: दुसऱ्याच आजारांची जुनी औषधं कोविडवर वापरली, त्यातली कुठली जोडी खरंच उपयोगी पडली? सुचलं ते बाबांच्या २०२० च्या फाइलवरून. पिन गंजलीय, पण चिठ्ठीवर मलेरियाचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि अँटिबायोटिक अ‍ॅझिथ्रोमायसिन अजून स्वच्छ वाचता येतं. त्या एका पट्टीसाठी आई तेव्हा चार मेडिकल फिरली होती!

अडलंय ते असं. हाँगकाँगच्या १२७ रुग्णांच्या चाचणीत एचआयव्हीवरच्या लोपिनावीर-रिटोनावीरला रिबाविरिन आणि इंटरफेरॉन या विषाणूविरोधी औषधांची जोड दिली, तर स्वॅब निगेटिव्ह यायला ७ दिवस लागले. जोड नसलेल्यांना १२. संधिवाताचं बॅरिसिटिनिब आणि विषाणूविरोधी रेमडेसिविर यांच्या चाचणीत मोजलं बरं व्हायला लागलेले दिवस: नुसत्या रेमडेसिविरला ८, जोडीला ७. आणि ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत थेट मृत्यूच मोजले. तिथे डेक्सामेथासोन या स्वस्तातल्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले. लोपिनावीर-रिटोनावीरचा मात्र काही फायदा दिसला नाही.

मोजपट्ट्याच वेगळ्या, शिवाय हाँगकाँगचे रुग्ण सौम्य-मध्यम आणि डेक्सामेथासोनचा हा आकडा व्हेंटिलेटरवरच्यांचा. एका तक्त्यात बसवू कसं? सर म्हणतात, नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिस कर. म्हणजे सगळ्या चाचण्यांचे आकडे एकत्र गुंफून औषधांची आपसात तुलना. वीस मिनिटांच्या सेमिनारला! मला ते ओढूनताणून वाटतंय. फक्त मृत्यू हाच निकष धरून बाकीचं सोडून दिलं तर चालेल का?

ग्रुपवर कुणी बायोस्टॅट (वैद्यकीय संख्याशास्त्र) शिकवणारे किंवा छातीचे डॉक्टर असतील तर अर्धा तास द्याल का? संध्याकाळी वाशी-ऐरोलीपर्यंत कुठेही येईन.