प्रति: मायक्रो-रॉस एजंट चालू आहे पण टॉपिक दिसत नाही

बोर्डावर मायक्रो-रॉस (छोट्या कंट्रोलर बोर्डांवर चालणारं रॉस हे रोबोट सॉफ्टवेअर) आहे, पण त्याचा टॉपिक (डेटा पाठवायचा नाव दिलेला चॅनेल) लॅपटॉपवर दिसत नाही, असं तुम्ही म्हणताय. सेशन, म्हणजे बोर्डाशी जोडणी, तयार झालं असं एजंट (बोर्ड आणि रॉस यांना जोडणारा लॅपटॉपवरचा प्रोग्राम) म्हणतोय ना, मग केबल, पोर्ट, ११५२०० चा बॉड रेट (केबलवरून डेटा जाण्याचा वेग) सगळं बरोबरच असणार, तिथं खोदत बसू नका. घोळ डोमेन आयडीचा (रॉसच्या गटाचा नंबर; तो दोन्हीकडे जुळला नाही तर टॉपिक दिसत नाहीत) वाटतोय. लॅपटॉपवर तुम्ही ५ ठेवलाय, पण बोर्डावरचा कोड वेगळं काही सांगितलं नाही तर ० च धरतो आणि डोमेन एजंट नाही, बोर्डच ठरवतो (मीपण एकदा एजंटच्या टर्मिनलमध्ये डोमेनचं व्हेरिएबल बदलत अख्खी संध्याकाळ घालवलीये). तेव्हा बोर्डाच्या कोडमध्ये इनिट ऑप्शनला (सुरुवातीच्या सेटिंगला) डोमेन ५ द्या, परत फ्लॅश करा (कोड बोर्डात भरा) आणि एजंट लॉग लेव्हल ६ वर (सविस्तर नोंदींसह) चालवा, म्हणजे येणारेजाणारे मेसेज तरी दिसतील. पुढं वायफायवर गेलात तर बोर्डात आयपी एजंटच्या मशीनचा टाकायचा, बोर्डाचा नाही.