'%डी'ला मराठीत काय म्हणावं?

शाळामास्तर
अकरावीच्या मुलांसाठी सी भाषेचा एक धडा मराठीत लिहितोय. स्वतःचा छोटा प्रिंटएफ (मजकुरात किमती घालून छापणारं फंक्शन) तयार करायचा. %डी (पूर्णांक), %एस (मजकूर), %सी (एक अक्षर) आणि %% (नुसतं % चिन्ह) एवढंच त्याला कळलं पाहिजे. अडलंय ते '%डी'पाशी. इंग्रजीतल्या 'कन्व्हर्जन स्पेसिफिकेशन'साठी मी 'रूपांतरनिर्देश' लिहिलं. धडा तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'गाळलेली जागा' केलं. कोणतं ठेवू?

निळावंती
बाईंचंच ठेवा. 'गाळलेल्या जागा भरा' पहिलीपासून सगळ्यांच्या ओळखीचं. "%एसचं वय %डी वर्षं" यात दोन जागा, पुढे दोन किमती, क्रमाने भरायच्या. 'रूपांतरनिर्देश' वाचून पोरं पान उलटतील.

तर्कट
ताई, गाळलेली जागा स्वतः काही सांगत नाही, %डी सांगतं. फंक्शनच्या व्याख्येत '...' ही तीन टिंबं म्हणजे 'पुढे कितीही किमती येतील'; त्यांमागून किती किमती आल्या, कोणत्या प्रकारच्या आल्या, हे फंक्शनला कळायला दुसरा मार्गच नाही. %डी दिसलं म्हणून ते व्हीए_आर्गकडे, म्हणजे पुढची किंमत काढून देणाऱ्या सोयीकडे, इंट (पूर्णांक) मागतं. %एस लिहून पुढे 245 दिलंत, तर 245 हा मेमरीतला पत्ता समजून ते तिथे वाचायला जाईल आणि प्रोग्राम बहुधा कोसळेल. हा हुकूमच आहे. 'निर्देश' हवा.

निळावंती
मग नुसतं 'निर्देश' म्हणा. रूपांतर कसलं? 245 छापलं तरी 245च.

तर्कट
आत तो एक पूर्णांक असतो, बाहेर तीन अक्षरं पडतात. 245ला 10ने भागलं की बाकी 5. तीत '0' या अक्षराचा कोड, म्हणजे आस्की या अक्षरांच्या क्रमांकतक्त्यातला 48, मिळवला की 53, म्हणजे '5' हे अक्षर. मग 24, बाकी 4. मग 2. अंक उलटे हाती येतात, म्हणून ॲरेत (ओळीने ठेवलेल्या जागांत) साठवून मागून छापायचे. कर्निगन-रिचींच्या सी भाषेवरच्या पुस्तकातला मिनप्रिंटएफ (असाच छोटा प्रिंटएफ) या कामासाठी खऱ्या प्रिंटएफलाच बोलावतो; मास्तर, तुम्ही मुलांकडून हे करून घेताय तर 'रूपांतर' शब्द गाळू नका.

घाटावरचा
उलटे कुठे? अंकानां वामतो गतिः, अंक उजवीकडून डावीकडेच जातात! आपणही 'पंचेचाळीस' म्हणताना पाच आधी घेतो, चाळीस नंतर.

निळावंती
पण 'दोनशे' त्याच्याही आधी म्हणतो.

घाटावरचा
तेही खरंच. बरं, मास्तर, त्या धड्यात बाकी काढायलाही % आणि निर्देशालाही %. मुलं गोंधळतील. एकाला 'बाकी' म्हणा, दुसऱ्याला 'टक्का'.

शाळामास्तर
'टक्का' नको, शेकडेवारी आठवते. आणखी एक, धड्यात सगळीकडे 'छापणे' लिहिलंय. बाईंना तिथे 'दाखवणे' हवंय, कारण कागद कुठेच नाही.

तर्कट
होता की! अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही संगणकप्रणाली आणि सी घडत होतं तेव्हा लोक टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर टाइप करणाऱ्या यंत्रावर, काम करत. मॉडेल 33 सेकंदाला 10 अक्षरं कागदावर उमटवायचं. 'छापणे' अगदी शब्दशः खरं होतं.

निळावंती
आजच्या पोराने टेलिटाइप पाहिलेला नाही. त्याच्यासाठी 'दाखवणे'च.

घाटावरचा
आणि आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर? तिथे कोण कुणाला दाखवतंय? आमच्याकडे पोरं सरळ 'प्रिंट मार' म्हणतात. तेच लिहा.

तर्कट
'प्रिंट मार' म्हटलं की झेरॉक्सवाला कागदच काढतो. धड्यात ते चालणार नाही. आणि मास्तर, %सीसाठी व्हीए_आर्गकडे कॅर (एक अक्षर साठवणारा प्रकार) मागू नका, इंट मागा. तीन टिंबांच्या जागी गेलेला कॅर वाटेतच इंट होतो, तसा फ्लोटचा (दशांश संख्येचा) डबल, म्हणजे त्याहून मोठा प्रकार.

शाळामास्तर
इंटच मागितलाय. उणे संख्यांचंही पाहिलंय: −2147483648चं चिन्ह उलटवलं तर 2147483648 बत्तीस बिटांच्या इंटमध्ये मावत नाही, म्हणून अनसाइन्डमध्ये (उणे चिन्ह नसलेल्या प्रकारात) घेऊन भागतो. शब्दाचं मात्र सांगा, उद्या धडा द्यायचाय.

निळावंती
'भरण-खूण' कसं वाटतं?

तर्कट
भरण पुलाला घालतात, ताई.