माहितीपटात माणूस दिसतो, काम कुठं दिसतं?

टूलरूमवाला (धागाकर्ता)

आपल्या नाशकात गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये दर महिन्याला माहितीपट दाखवतात. विषय ठरलेले: डिझायनर, चित्रकार, वास्तुविशारद आणि ज्यांना पत्रिकेत 'द्रष्टे' म्हणतात ते. तिकीट नाही, चहा मिळतो, चालवणारी मंडळी भली आहेत. मी नेमाने जातो, म्हणूनच बोलतोय.

परवा जर्मन वस्तू-डिझायनर डीटर राम्सवरचा २०१८ सालचा माहितीपट दाखवला. राम्स मोठा माणूस, त्यात वाद नाही. १९५५ साली ब्राउन कंपनीत लागला आणि पुढची चाळीसेक वर्षं रेडिओपासून दाढीच्या यंत्रापर्यंत सगळ्याला वळण लावलं. पण चहाच्या वेळी जो तो 'राम्सचा रेकॉर्ड प्लेअर', 'राम्सचा कॅल्क्युलेटर' करत होता. तो १९५६ सालचा एसके ४ प्लेअर राम्स आणि हान्स गुगेलोट या दोघांचा. १९८७ सालचा ईटी ६६ कॅल्क्युलेटर, ज्याच्यावरून आयफोनवाल्यांनी आपला कॅल्क्युलेटर बेतला, तो डीट्रिश लुब्स आणि राम्स यांचा. ही नावं एकाच्याही तोंडात नव्हती.

आता माझं दुखणं. माझी सगळी नोकरी सातपूरला टूलरूममध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे (मोल्ड) घडवतात तिथं, झाली. डिझायनरकडून ड्रॉइंग यायचं: भिंती सरळ उभ्या, कोपरे धारदार, दिसायला झकास. तसाच मोल्ड केला तर पार्ट बाहेरच येत नाही. भिंतीला अंश-दोन अंश ड्राफ्ट, म्हणजे उतार, द्यावा लागतो. आतली रिब, म्हणजे आधाराची पट्टी, जाड ठेवली की बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खळगा पडतो, त्याला आम्ही सिंक मार्क म्हणतो. पार्ट बाहेर ढकलणारी इजेक्टर पिन कुठं टेकवायची म्हणजे तिचा डाग गिऱ्हाइकाला दिसणार नाही, हे फिटर ठरवतो. ट्रायल शॉट काढायचे, मोल्ड उतरवायचा, घासायचा, परत चढवायचा. ज्या वस्तूला 'किती साधी!' म्हणून लोक दाद देतात, तिच्यातला बराच साधेपणा इथं येतो.

पडद्यावर काय दिसतं? पेन्सिलची रेघ. लगेच पुढच्या शॉटला पांढऱ्या टेबलावर तयार वस्तू, मागे पियानो.

माझं म्हणणं सरळ आहे. हे एकेका थोर माणसाचे खेळ काही महिने बंद ठेवा आणि काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेल अशा फिल्म आणा. नसतील मिळत तर हॉलचं भाडं वाचवा.

मृदुला_चित्रवर्ग

काका, साफ असहमत.

मी एका कला महाविद्यालयात शिकवते. वर्गातल्या निम्म्या मुलांना घरी रोज ऐकावं लागतं की चित्रं काढून पोट भरणार का. बाकीच्यांच्या घरी डिझाइन म्हणजे फॅशन. या पोरांना ड्राफ्ट अँगल नंतर शिकवता येईल, आधी त्यांना एक जिवंत माणूस दिसायला हवा, ज्याने यात आयुष्य घातलं आणि ज्याचं वाया गेलं नाही. सिन्नर, निफाडहून एसटीने येणारी मुलं आहेत माझी. मुंबईतल्या मुलांना असा माणूस शेजारच्या बिल्डिंगमध्ये भेटतो, यांना पडद्यावरच भेटणार.

आणि तुम्ही निवडलेलं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. परत जन्म मिळाला तर डिझायनर होणार नाही, जगात नको त्या वस्तू फार झाल्या, असं जाहीरपणे म्हणणारा माणूस आहे राम्स. ही आरती आहे का?

वास्तुविशारद लुई कानवरचा २००३ सालचा माहितीपट घ्या. अहमदाबादचं आयआयएम, ढाक्याचं संसद भवन बांधणारा माणूस १९७४ साली अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या स्टेशनवर मेला. दिवाळं निघालेलं, आणि तीन घरांत तीन संसार. फिल्म केलीय त्याच्या मुलाने, बापाच्या नावावर न लागलेल्या मुलाने. यात देव्हारा कुठं दिसला तुम्हाला?

तिरकस

देव्हारा पडद्यावर नसतो ताई, पडद्यासमोर असतो. फिल्मनंतरच्या चर्चेत एका गृहस्थांनी सुस्कारा टाकला, 'अशी माणसं आपल्याकडे का नाही जन्मत?' आणि अख्ख्या हॉलने माना डोलावल्या.

वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले. त्यांना २०१८ साली वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. तुमच्या त्या लुई कानना आयआयएमच्या कामासाठी आणण्यात पुढाकार दोशींचाच. आपल्याकडे जन्मतात हो, आपल्याला पाहुणे आवडतात इतकंच.

रेघोट्या

टूलरूमवाले काकांना अर्धं +१.

हेल्व्हेटिका या अक्षराच्या ठशावर २००७ साली अख्खा माहितीपट निघाला. १९५७ सालचा स्विस टाइप, ऐंशी मिनिटं फक्त तोच. मी तो बघितला आणि दुसऱ्या दिवशी रविवार कारंजापासून मेन रोडपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत चालत गेलो. २०२२ साली नियम बदलला, लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी लागू झाली, देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही असंही ठरलं. पाट्या झाल्या, पण कशा? रातोरात फ्लेक्स. दोन-तीनच फॉन्ट, हवे तसे आडवे ताणलेले. वेलांटी बारीक सुतासारखी आणि काना खांबासारखा. जुन्या पेंटरने रंगवलेली एखादी पाटी उरलीय तिथं शिरोरेघ कशी तोलून धरलीय ते बघा.

विंडोजमधला मंगल फॉन्ट रोज लाखो मराठी माणसं वापरतात. तो र. कृ. जोशींनी केला, हे किती जणांना माहीत आहे? त्यामुळे 'थोर माणसांचे खेळ बंद करा' हे मला पटत नाही. आपल्याकडच्या थोरांचे अजून सुरूच कुठं झालेत?

टूलरूमवाला

रेघोट्या, तू माझीच बाजू मांडलीस. त्या फिल्ममध्ये नायक माणूस नाही, वस्तू आहे. म्हणून तू घरी जाऊन फोटो चिकटवला नाहीस, रस्त्यावर उतरलास.

मृदुला_चित्रवर्ग

वस्तू नायक, पण बोलतं कोण? एकामागोमाग एक नामांकित डिझायनरच! ठसा ओतणारा, छापणारा तिथंही बोलत नाही. तुमच्या कसोटीवर ती फिल्मसुद्धा नापास व्हायला हवी.

गोदाकाठ

दोघंही 'एक डिझायनर की अनेक हात' यावर भांडताय, म्हणून एक आठवण करून देतो. चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं सरकारच्या बोलावण्यावरून भारत फिरलं आणि १९५८ साली अहवाल दिला. त्यातूनच १९६१ साली अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यांत जास्त कौतुक कशाचं केलं? लोट्याचं. भरल्यावर तोल कसा राहतो, कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, धातूला किंमत किती, असे प्रश्नांवर प्रश्न काढले आणि म्हणाले की हा कोणा एका माणसाने डिझाइन केलेला असूच शकत नाही, पिढ्यान् पिढ्यांचं काम आहे.

हे वाचायला आपल्याला अमेरिकन माणूस लागला. नाशिक तर तांब्यापितळेच्या भांड्यांचंच गाव. बंब, घंगाळ, ताम्हण, कळशी. यावर एक धड फिल्म करून त्याच हॉलमध्ये दाखवली तर टूलरूमवाल्यांची तक्रार मिटेल आणि मृदुलाताईंच्या मुलांनाही घराजवळचा विषय मिळेल.

तांबट_गल्ली

मी त्याच घरातला. जरा ऐका.

कॅमेरेवाले आमच्याकडे येतातच. ठोक्यांचा आवाज टिपतात, भट्टीचा जाळ टिपतात, आजोबांच्या हाताच्या सुरकुत्या अगदी जवळून घेतात. मग खाली ओळ येते: 'अनामिक कारागिरांची लोप पावत चाललेली कला'. अनामिक कसली? दुकानावर पाटी आहे, नाव-आडनाव-फोन सगळं आहे. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

डिझायनरवर फिल्म काढली की त्याला विचार असतात, भूमिका असते, तो खुर्चीत बसून बोलतो. आमच्यावर काढली की आम्हाला फक्त हात असतात. पत्रा कोणत्या जाडीचा घ्यायचा, कुठं तापवून मऊ करायचा, किती ठोक्यांनी कडक होतो आणि कुठं थांबलं नाही तर चिरतो, हे डोक्याने ठरतं. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने घातलेले बारीक ठोके, शोभेसाठी करतात असं लोकांना वाटतं. ठोकून पत्रा घट्ट होतो, भांड्याला पोचे पडत नाहीत, म्हणून ते करतात. चमक नंतरची. हे आजवर एकाही कॅमेरेवाल्याने विचारलेलं नाही. कल्हईचा धूर मात्र सगळ्यांना हवा असतो, छान दिसतो म्हणे.

आणि लोटा पिढ्यांनी केला हे कबूल, पण प्रत्येक पिढीत कोणीतरी एकाने काठ थोडा बाहेर वळवून बघितला असेल ना? त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही.

म्हणून टूलरूमवाले काका, माणूस काढून टाका म्हणू नका. माणसं वाढवा.

तिरकस

धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. बाकीचे आपण पडद्यावर तरंगतोय.

सिन्नर_फाटा

नाशकात बसून हा वाद चाललाय आणि फाळक्यांचं नाव अजून निघालं नाही? जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०. शेवटही नाशकातच, १९४४. पांडवलेण्यांच्या पायथ्याला स्मारक आहे, तिथं लोक सहलीला जातात आणि कारंजं बघून येतात.

राजा हरिश्चंद्रच्या आधी या माणसाने वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित केलं होतं, महिनाभर थोडं थोडं करत. ती फिल्म दाखवून भांडवल मिळवलं. पुढं १९१७ साली चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा लघुपट केला. त्याचे तुकडे पुण्याच्या संग्रहालयात शिल्लक आहेत. म्हणजे टूलरूमवाले जे मागतायत, काम होताना दाखवा, ते शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या माणसाने केलंय. वाटाण्याच्या फिल्ममध्ये तर माणूसच नाही!

मृदुला_चित्रवर्ग

आणि १९१७ च्या त्या फिल्ममध्ये पडद्यावर कोण दिसतं? स्वतः फाळके. दिग्दर्शन करताना, फिल्म तपासताना. काम दाखवायला माणूस लागतोच हो काका.

काळाकोट

तुमचं चालू द्या, पण एक कोरडी गोष्ट सांगून जातो, कारण असे खेळ वादाने बंद पडत नाहीत, एका नोटिशीने पडतात. घरच्या ओटीटी वर्गणीवर हॉलमध्ये फिल्म दाखवता येत नाही. ती वर्गणी घरात बघण्यापुरती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेला तिच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुरती सवलत आहे. गावजेवणाला ती लागू होत नाही. नेटफ्लिक्स आपल्या काही माहितीपटांना शैक्षणिक खेळाची एकवार परवानगी देतं, तिकीट न लावण्याच्या अटीवर. बाकीच्यांसाठी निर्मात्याला पत्र लिहायचं. माहितीपटवाले बहुधा उत्तर देतात, त्यांनाही प्रेक्षक हवेच असतात.

रेघोट्या

मग सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या फिल्म घ्या ना, बऱ्याच यूट्यूबवरच आहेत. आता ते खातं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) गेलंय, परवानगी तिथं मागायची. सत्यजित रायनी १९७२ साली चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींवर केलेली फिल्म वीसेक मिनिटांचीच आहे. पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी गेली, तरी माणूस कागद कापून चित्रं करतोय, भिंतीसाठी टाइल्सचं मोठं काम उभं करतोय. राय त्यांचे शांतिनिकेतनातले विद्यार्थी. फिल्म गुरूवरचीच आहे, पण भक्तिगीत नाही. हात काय करतायत आणि का, हे दोन्ही दिसतं. ती लहान आहे, त्यामुळे नंतर बोलायला तासभर उरतो. ऐंशी-नव्वद मिनिटांच्या फिल्मनंतर लोक चपला शोधत असतात.

शिवाय मराठी उपशीर्षकं. हॉलमधले अर्धे लोक इंग्रजी कळल्यासारखा चेहरा करून बसतात. परवानगी मागतानाच उपशीर्षकांचंही विचारून घ्यावं. वीस मिनिटांची फाइल मी दोन-तीन रात्रींत करून देतो.

मृदुला_चित्रवर्ग

उपशीर्षकांना माझी मुलं मदत करतील. पण लांब फिल्म काढून टाकायला माझा विरोध कायम. कानची फिल्म वीस मिनिटांत होत नाही. काही गोष्टींना अंधारात बसून वेळ द्यावाच लागतो. घरी तीच फिल्म कुकरच्या शिट्टीला थांबते.

टूलरूमवाला

बरं. माझा पवित्रा तोच: निदान एकाआड एक महिना थोर माणूस नको. त्या महिन्यात वीस मिनिटांची फिल्म आणि नंतर काम करणारा माणूस प्रत्यक्ष समोर. मी एक जुना मोल्ड आणतो, दोन्ही अर्धे उघडून टेबलावर ठेवतो. ड्राफ्ट नसलेला एक फसलेला पार्टही आहे माझ्याकडे, पोरांना ओढून काढायला देतो. तांबटभाऊ, तुम्ही याल का? सगळ्यांसमोर एखादं भांडं मठारून दाखवाल? माईक तुमच्या हातात, पाहिजे तेवढं बोला.

तिरकस

माईक हातात घेतला तर हातोडी कोण धरणार?

तांबट_गल्ली

कॉलरचा माईक लावा, दहा वेळा बघितलाय मी.

येईन. दोन अटी. पत्रिकेत माझं आणि वडिलांचं नाव पूर्ण छापायचं, 'स्थानिक कारागीर' नाही. आणि दिवसाची मजुरी द्यायची, त्या दिवशी दुकान बंद राहणार. शाल-श्रीफळ नको. लग्नसराईत जमणार नाही, आषाढात ठेवा. आणि हॉलवाल्यांना आधी विचारून घ्या, ठोक्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो.

काळाकोट

मजुरीचं लेखी घ्या.