रात्री एकच भाकरी, तरी सकाळी साखर १७०?

प्रश्न: वडिलांची साखर झोपताना १३०, सकाळी उपाशीपोटी १७०. मध्ये पाण्याशिवाय काही नाही. मग वाढते कुठून?

उत्तर १: यकृतातून. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, यकृत साखर सोडतं आणि इन्सुलिन पुरत नाही. तीन रात्री झोपताना, पहाटे ३ला आणि उठल्याउठल्या मोजून वहीत लिहा. ३ला ठीक असून नंतर चढली तर हेच कारण. ३ला ७०च्या खाली असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. डोस मनाने बदलू नका.

उत्तर २: मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटाने मोजलं की आकडा फुगतो. सॅनिटायझरने तो चिकटा जात नाही.

उत्तर ३: भाकरी एकच, पण आमटी-भाताचं काय? जेवण आठच्या आत, मग सोसायटीतच १५ मिनिटं चालणं. जेवण टाळणं मात्र नको, ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर मुळीच नको. रात्री साखर घसरते. आणि इन्सुलिन घेत असतील तर न मोजता उपाशीपोटी पर्वती चढायला पाठवू नका!