आठवीपर्यंत बरोबर असलेली मुले नववीत मागे का पडतात?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
आमच्या वाड्यात एकाच वर्षी जन्मलेली दोन मुले आहेत. एक यंदा बारावीला बसतो आहे. दुसरा, जो लहानपणी गणितात त्याच्या पुढे होता, नववीत दोनदा नापास होऊन मकरपुऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला जातो. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. शिक्षणहक्क कायद्याखाली त्याला खासगी शाळेत प्रवेश मिळाला, तेव्हा तिने वाड्यात पेढे वाटले होते. मग बिनसले कुठे?

उत्तर (निवृत्त शिक्षिका):
२००९ च्या त्या कायद्याची हमी ६ ते १४ वयापुरती, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. खासगी शाळांतील २५ टक्के जागांवरच्या मुलांची फी तोवर सरकार भरते. नववीच्या जूनमध्ये ती आईबापांच्या अंगावर येते. दुसरीकडे, बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार कामाला सरसकट बंदी आहे ती १४ वर्षांखालच्यांना. त्यापुढे केवळ धोक्याची कामे वर्ज्य आहेत. शाळेची हमी आणि कामाची मनाई एकाच वाढदिवसाला सरते, आणि ज्या घरात पगार पुरत नाही तिथे त्या दिवसापासून मुलगा कमावता धरला जातो. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले; त्याच शहरात हे पाहताना फार वाईट वाटते.

नववीबद्दलही स्पष्ट लिहिते. दहावीचा निकाल घसरू नये म्हणून कच्ची मुले नववीतच अडवली जातात. मी होते त्या शाळेत अशा याद्यांवर मीही सह्या केल्या आहेत, आणि ट्यूशन लावलेल्या मुलाचे नाव त्यांत क्वचितच असे.

उत्तर (मांडवी):
त्या मुलाची वाट अजून बंद झालेली नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसायला वयाची १४ वर्षे पूर्ण असली की पुरते, नववी उत्तीर्ण असण्याची अट नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे एकेक दोन-दोन विषय काढता येतात. माझ्या भाच्याने कामावरून आल्यावर रात्री अभ्यास करून असेच केले. अर्थात फॉर्म भरून देणारे कोणीतरी हवे. त्याच्या आईला ते एकटीला जमणार नाही.

प्रश्नकर्ता:
रविवारी त्याला सुट्टी असते. जन्मदाखला आणि आठवीची गुणपत्रिका घेऊन या, असे आजच त्याच्या आईला सांगितले आहे.