सोसायटी ऑफिसच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला?

ए-१०४ काकू: पावती काढायला ऑफिसात गेले तर स्क्रीनवर सगळं वेगळंच. थकबाकीचं फोल्डर दिसत नाही. मला न विचारता हा बदल कोणी केला?

सचिव: काकू, काही बदललेलं नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरू, असं बी-३०२ चं म्हणणं आहे. काल त्यांनी ती पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवली, ती तशीच राहिलीय. बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, पुन्हा चालू करा. जुनं विंडोज येईल.

सी-२०१ काका: बॅकअप घेतलाय का?

बी-३०२: काकू, चूक माझी. चिठ्ठी तरी लावायला हवी होती. पण विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे आपलं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. धडधाकट मशीन भंगारात का काढायचं?

ए-३०३: फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे व्हायरसला आमंत्रण.

बी-३०२: दादा, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे. लग्नाचे व्हिडिओ ज्यात बघता ते व्हीएलसीसुद्धा मुक्त स्रोतच, म्हणजे फुकट आणि कोड सगळ्यांना खुला.

ए-३०३: मला शिकवू नका. पार्किंगचा कॅमेरा बंद आहे, ते आधी बघा.

सचिव: कॅमेऱ्याचं इथे नको, विनंती 🙏

ए-१०४ काकू: माझा मुख्य प्रश्न राहिलाच. मघाशी त्या लिनक्समध्ये सभेचं इतिवृत्त उघडलं, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. अकरा वर्षं मी ती इतिवृत्तं टाइप केलीत. ती वाचता येणार नसतील तर माझा विरोध लिहून घ्या.

बी-३०२: काकू, फाइल बिघडलेली नाही. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तो फॉन्ट लिनक्समध्ये टाकला की मराठी दिसेल, पण खरा उपाय म्हणजे सगळं युनिकोडमध्ये आणणं. मी बसतो तुमच्याबरोबर, एकेक ओळ ताडून बघू.

खजिनदार: माझ्या एक्सेलमधल्या व्याजाच्या मॅक्रोचं, म्हणजे आपोआप हिशेब करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं काय?

बी-३०२: साधी सूत्रं लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजमधल्या कॅल्कमध्ये चालतात. मॅक्रोची खात्री देत नाही. म्हणून म्हणतो, आधी विंडोजवरच लिब्रेऑफिस टाकू. दोन महिने दोन्हींत हिशेब करा. जुळला तरच पुढचं.

सी-२०१ काका: बॅकअप घेतलाय का?

ए-३०३: काका, किती वेळा तेच 😄

सी-२०१ काका: उत्तर मिळेपर्यंत.

बी-३०२: नाही घेतला.

सी-२०१ काका: मग पेन ड्राइव्ह तसाच ठेवून गेलात कसे? त्याच स्क्रीनवर इन्स्टॉलचं चिन्ह असतं. कोणी ते दाबलं आणि पुढे डिस्क पुसण्याला हो म्हटलं, तर सोसायटीचं सगळं दप्तर गेलं.

ए-१०४ काकू: ते चिन्ह मला दिसलं होतं. दाबलं नाही.

बी-३०२: काका, बरोबर आहे तुमचं. मी खाली जातोय, पेन ड्राइव्ह काढतो.

सी-२०१ काका: माझी बाहेरची हार्ड डिस्क घेऊन आठ वाजता येतो. काकू, तुम्हीही या. कुठलं फोल्डर कशाचं ते तुम्हालाच माहीत.

ए-१०४ काकू: येते. चावी माझ्याकडेच आहे.